शून्याची मिरवणूक

फुटबॉलमधलं मला काही कळत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे मग निर्धास्तपणे टीका करता येते. त्यातून मी ज्या फुटबॉलविषयी बोलणार आहे तो अमेरिकन. त्यात चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळतात आणि पायांचा उपयोग मुख्यतः दुसऱ्याच्या अंगावर धावून जाण्यासाठी करतात. पेन्शनच्या दिवशी आमच्या शाखेत पासबुकाच्या यंत्रापाशी जे चालतं तेच. फक्त तिथे शिरस्त्राण देतात.

माझा या खेळाशी संबंध आला तो भाच्यामुळे. भाचा अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरी असतो. तिथे गेल्यागेल्या त्याने दोन ओझी डोक्यावर घेतली. एक घराचं कर्ज आणि दुसरं 'क्लीव्हलंड ब्राऊन्स' नावाच्या संघाचं प्रेम. पैकी पहिलं तीस वर्षांत फिटतं.

२०१७ च्या सप्टेंबरपासून दर सोमवारी सकाळी त्याचा फोन येऊ लागला. त्यांचा सामना रविवारी. तो संपेपर्यंत आपल्याकडे सोमवार लागलेला असतो. मी दाढी करत असायचो. "मामा, हरलो." पुढच्या सोमवारी, "मामा, हरलो." मोसमात सामने सोळा. ते सोळाच्या सोळा हरले. आमच्या आईनेही सोळा सोमवार केले होते, पण तिला निदान फळ मिळालं. (फळ म्हणजे मी. ती त्याबद्दल फारसं बोलत नाही.)

अकरावा-बारावा सोमवार असेल. मी आपला त्याचं सांत्वन करायला गेलो, "अरे, खेळात हारजीत चालायचीच." तर तो म्हणाला, "मामा, तुला कळत नाहीये. ही हार नाही, ही गुंतवणूक आहे."

'गुंतवणूक' म्हटल्यावर मी तोंडावरचा साबण पुसला आणि खुर्ची ओढून बसलो. शेवटी मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. दुसरा वर्ग असला म्हणून काय झालं?

भाच्याने समजावलं ते असं. त्यांच्या लीगमध्ये बत्तीस संघ. प्रत्येक संघाने वर्षाला खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याची एक कमाल मर्यादा लीग ठरवून देते. तिला म्हणतात सॅलरी कॅप. २०१६ साली ती साडेपंधरा कोटी डॉलर होती, २०१७ साली सोळा कोटी सत्तर लाख. मालक कितीही गडगंज असो, त्याने याच टोपीत डोकं बसवायचं. खरी गंमत पुढे आहे. या वर्षी जेवढी मर्यादा वापरली नाही, तेवढी पुढच्या वर्षाच्या मर्यादेत मिळवता येते. म्हणजे आमच्या साठवलेल्या रजेसारखंच. आमच्या शाखेत असे महाभाग आहेत की ताप अंगावर काढतील, पण रजेला हात लावणार नाहीत. ब्राऊन्सने २०१६ मधून २०१७ मध्ये अशी पाच कोटी डॉलरची मर्यादा पुढे ओढली. एवढी शिल्लक पाहून कुठल्याही शाखाधिकाऱ्याने त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला असता.

दुसरा नियम आणखी मजेशीर आहे. कॉलेजातून येणाऱ्या नव्या पोरांची दरवर्षी वाटणी होते, आणि जो संघ शेवटचा आला त्याला पहिली निवड. म्हणजे नापास होणाऱ्याला पुढच्या वर्षी पहिल्या बाकावर बसवायचं आणि वर कोरी पुस्तकंही द्यायची. आमच्या शाळेत हा नियम असता तर मी आज रिझर्व्ह बँकेत असतो.

२०१६ च्या सुरुवातीला मालकांनी संघाचा कारभार साशी ब्राऊन नावाच्या वकिलाच्या हाती दिला. (संघही ब्राऊन्स आणि हाही ब्राऊन, हा निव्वळ योगायोग.) हा हार्वर्डमध्ये कायदा शिकलेला. जोडीला पॉल डीपोडेस्टा आणला. तोही हार्वर्डचा, अर्थशास्त्राचा, आणि सगळी कारकीर्द बेसबॉलमध्ये घालवलेला. एका घरात दोन हार्वर्डवाले शिरले म्हणजे घरातली भांडी मोडीत निघणार हे ओळखावं. तसंच झालं. आघाडीच्या फळीतला अॅलेक्स मॅक अटलांटाला गेला, मिचेल श्वार्ट्झ कॅन्सास सिटीला गेला. महाग माणसं गेली, स्वस्त पोरं आली. त्या वर्षी सोळात एक सामना जिंकले. पुढच्या वर्षी तीही उधळपट्टी बंद केली.

ते मुद्दाम हरले असं मी म्हणत नाही. त्यांचा प्रशिक्षक ह्यू जॅक्सन याने पुढे तसा सूर लावला होता. २०२२ साली लीगने त्याची चौकशी केली, त्यात काही सिद्ध झालं नाही. माझंही म्हणणं एवढंच, की जिंकण्याची त्यांना घाई नव्हती.

त्यांचा एक व्यवहार मात्र मी भाच्याकडून तीनदा ऐकला. ह्यूस्टनच्या संघाने ब्रॉक ऑसवायलर नावाच्या साडेसहा फुटांहून उंच खेळाडूशी चार वर्षांचा सात कोटी वीस लाखांचा करार करून ठेवला होता, आणि वर्षभरातच त्यांना पश्चात्ताप झाला होता. आमच्या भाषेत, कर्ज बुडीत निघालं. मार्च २०१७ मध्ये ब्राऊन्स म्हणाले, "द्या ते आमच्याकडे." त्याचा एक कोटी साठ लाखांचा हमीचा पगार त्यांनी आपल्या डोक्यावर घेतला आणि त्याच्याबरोबर ह्यूस्टनची २०१८ ची दुसऱ्या फेरीतली निवड पदरात पाडून घेतली. ऑसवायलरला मोसम सुरू व्हायच्या आतच घरी पाठवलं. म्हणजे पैसे मोजले ते त्याच्या खेळासाठी नव्हेच. मोडकं कपाट विकत घ्यायचं, त्याच्या खणातली नोट काढून घ्यायची आणि कपाट फुटपाथवर ठेवून द्यायचं, असा हा प्रकार. बँकवाला म्हणून मी मनातल्या मनात टाळी वाजवली. त्या निवडीतून आलेला निक चब पुढे धावण्यात पहिल्या प्रतीचा निघाला. हिशोब बरोबर होता, हे आधी मान्य करून टाकतो.

मी टाळी वाजवली यालाही कारण होतं. त्याच वर्षी आमच्या घरातही सॅलरी कॅप लागू झाली होती. आम्ही फ्लॅट बुक केला होता. सध्याच्या जागेत मुलीला अभ्यासाला स्वतंत्र खोली नाही, तेव्हा एक खोली जास्त असलेला. मुलगी आठवीत. मी रीतसर घोषणा केली, "हे एकच वर्ष काढायचं. हॉटेल नाही, सहल नाही, दिवाळीला कपडे नाहीत." शाळेची सहल रायगडला जाणार होती. मी म्हटलं, रायगड कुठे पळून जातोय? मुलगी काही बोलली नाही. आमची ही म्हणाली, "रायगड नाही पळत." या वाक्याचा उरलेला अर्धा भाग मला तेव्हा ऐकू आला नाही. बिल्डरने ताबा दिला २०२२ मध्ये. तोवर मुलगी इंजिनिअरिंगला दुसऱ्या गावी होस्टेलवर गेली होती. त्या खोलीत सध्या गव्हाची कोठी आणि इस्त्रीचं टेबल आहे. हवा उत्तम येते. गव्हाला कीड म्हणून लागत नाही.

तर ब्राऊन्स. भाच्याच्या बोलण्यात एक नाव सारखं यायचं, जो थॉमस. याची जागा 'लेफ्ट टॅकल'. चेंडू फेकणारा जो नायक असतो त्याची पाठ डाव्या अंगाला उघडी पडते. तिकडून येणाऱ्या राक्षसांना अडवायचं, हे याचं काम. चेंडू याच्या हाती लागत नाही, गोल याच्या नावावर नाही. शुद्ध मराठीत पाठराखण. हा २००७ साली संघात आला. निवडीच्या दिवशी बाकीची पोरं न्यूयॉर्कला नटूनथटून बसली होती, हा बापाबरोबर मिशिगन सरोवरात मासे धरत होता. तेव्हापासून संघाच्या आक्रमणातला एकही डाव याने चुकवला नाही. एकही! ओळीने १०,३६३ डाव. वीसेक नायक त्याच्यासमोर आले आणि गेले. हा प्रत्येकाची पाठ राखत उभा. मॅक गेला, श्वार्ट्झ गेला, हा राहिला. मॅक पहिल्याच वर्षी अटलांटाबरोबर अंतिम सामन्यात पोहोचला. श्वार्ट्झ २०२० मध्ये विजेतेपदापर्यंत गेला. थॉमसला अकरा वर्षांत बाद फेरीचा एक सामना खेळायला मिळाला नाही.

२२ ऑक्टोबर २०१७, सातवा सोमवार. (तिकडचा रविवार.) थॉमसच्या दंडाचा स्नायू फाटला. त्या दिवशी भाच्याने "हरलो" म्हटलंच नाही. म्हणाला, "मामा, जो थॉमस बाहेर गेला." मला वाटलं, गावातलं कुणी गेलं. मार्च २०१८ मध्ये तो निवृत्त झाला. २०२३ साली त्याला त्यांच्या थोरांच्या दालनात बसवलं, ते ठीक आहे. पण ज्या भविष्यासाठी ही सगळी काटकसर चालली होती, त्यात थॉमससाठी एक खुर्ची ठेवायची कुणाला सुचली नव्हती. ते तरी काय करणार? थॉमस तेव्हा बत्तीस वर्षांचा. गणितात वय धरलं, की माणूस आपोआप वजा होतो.

आणि प्रेक्षक? त्यांची तिकिटं कुणी पुढच्या वर्षात ओढली नाहीत. ज्या रविवारी गेले त्याच रविवारचे पैसे भरून, उत्तर ध्रुवावरून येणाऱ्या वाऱ्यात कुडकुडत बसले. पण क्लीव्हलंडची माणसं मला आवडली. २०१६ च्या मोसमातच त्यांनी ठरवलं होतं, की सगळे सामने हरले तर विजयी वीरांसारखी मिरवणूक काढायची. पण २४ डिसेंबरला संघाने घात केला. सॅन दिएगोला २०-१७ असं हरवलं. जिंकल्यामुळे मिरवणूक रद्द! पुढच्या वर्षी ती अडचण आली नाही. ६ जानेवारी २०१८ ला हजारो माणसं हाडं गोठवणाऱ्या थंडीत जमली आणि स्टेडियमभोवती गोल फिरली. गोल अशासाठी, की वरून पाहिलं तर शून्य दिसावं. अन्नछत्रासाठी पैसेही जमवले. ह्यू जॅक्सनने पुन्हा असाच मोसम गेला तर ईरी सरोवरात उडी मारीन असं म्हटलं होतं. त्याने जूनमध्ये खरंच मारली. सगळ्या योजनेत दिलेल्या तारखेला वटलेला एवढाच चेक मला सापडतो.

आता माझी टीका. बँकेत कुणाच्याही खात्यात पैसे कुणीही भरू शकतो. स्लिप लिहायची, पैसे द्यायचे, चालू लागायचं. सही लागते ती काढताना. ब्राऊन्सच्या खात्यात भरणा केला थॉमसने आणि त्या थंडीतल्या माणसांनी. काढायला कोण आलं ते पाहा. साशी ब्राऊनला तर डिसेंबर २०१७ मध्ये, सोळा सोमवार पुरे व्हायच्या आतच नारळ मिळाला. जॅक्सनला पुढच्या ऑक्टोबरात. १० जानेवारी २०२१ ला ब्राऊन्सने पिट्सबर्गला ४८-३७ असं हरवून बाद फेरीतला सामना जिंकला, तेव्हा मैदानात चब होता, आणि २०१८ ची पहिली निवड असलेला बेकर मेफील्ड होता. पोरं गुणी होती, त्यांच्यावर माझा राग नाही. पण काउंटरवर स्लिप माझ्याकडे आली असती तर मी परत केली असती. सही जुळत नाही.

बरं, त्यानंतर तरी सांभाळावं? २०१७ च्या वाटणीत ब्राऊन्सने आपली बारावी निवड ह्यूस्टनला विकली होती आणि ह्यूस्टनने त्यातून डेशॉन वॉटसन घेतला होता. मार्च २०२२ मध्ये याच वॉटसनसाठी ब्राऊन्सने ह्यूस्टनला पहिल्या फेरीच्या तीन निवडी दिल्या आणि त्याला पाच वर्षांचे तेवीस कोटी डॉलर, पैन्‌पैची हमी देऊन, लिहून दिले. तेव्हा त्याच्यावर गैरवर्तनाचे वीसहून अधिक दिवाणी दावे चालू होते. लीगने त्याला अकरा सामने बाहेर बसवलं. ते प्रकरण विनोदाचं नाही, म्हणून तिथे थांबतो. हिशोबापुरतं बोलायचं तर पै-पै करून साठवलेली पुंजी अशी एका सहीत गेली, आणि त्या पगाराचा बोजा पुढच्या वर्षांवर ढकलत २०२४ साली संघ सतरापैकी तीन सामने जिंकला. आधी रजा साठवणारे तेच, आणि पुढच्या जन्माची रजा उचलणारेही तेच.

जून २०२५ मध्ये चब ह्यूस्टनला गेला. कपाटाच्या खणातली नोट कपाटवाल्याकडे परत.

भाच्याचा फोन आला तेव्हा मी दाढीच करत होतो. म्हणाला, "मामा, वॉटसनच्या कराराचं ओझं उतरेपर्यंत आता थोडं सोसावं लागणार."

"किती?"

"एखादा सीझन."

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला. घराचा हप्ता भरलास का, म्हणून विचारत होती.