केवळ-वाचनीय कर्नल स्मृती : एक चिकित्सक टिपण

बीजसंज्ञा : कर्नल, पेज टेबल, लिनक्स, प्रोसेसर रचना

प्रस्तावना : कार्यप्रणाली शिकवताना ‘कर्नल वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमपासून सुरक्षित असतो’ एवढे सांगून पुष्कळदा थांबले जाते. परंतु कर्नलमधीलच एखाद्या दोषामुळे त्याच्या आज्ञा बदलल्या गेल्या तर काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. आज्ञा व स्थिर माहिती केवळ-वाचनीय करणे हे त्यावरील एक उत्तर होय. प्रस्तुत टिपणात लिनक्सच्या आधारे त्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन : हे संरक्षण सॉफ्टवेअरचे भासले तरी त्याचा आधार हार्डवेअर आहे. इंटेलच्या ८०३८६ वर केवळ-वाचनीय ठरविलेल्या पेजवरही कर्नल लिहू शकत असे. ही मोकळीक बंद करण्याची सोय १९८९ च्या ८०४८६ मध्ये झाली. लिनक्समध्ये एक्स-८६ साठी हा उपाय २००६ मध्ये आला, तोही दोषशोधनाचा पर्याय म्हणून. तो अनिवार्य होण्यास २०१६ उजाडले. आर्मसाठी तो २०१५ च्या सुमारास, ६४ बिट पॉवरपीसीसाठी २०१७ मध्ये, तर रिस्क-फाइव्हसाठी २०२० मध्ये आला.

नाव एक असले तरी किंमत सारखी नाही. ३२ बिट आर्मवर कर्नलचे मॅपिंग १ एमबीच्या विभागांत होते. आज्ञा व माहिती यांना वेगळे अधिकार द्यायचे तर सीमा त्या मापाशी जुळवाव्या लागतात आणि काही स्मृती वाया जाते. लहान उपकरणांत ही उधळपट्टी जाणवते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. एकाच भौतिक पेजला दुसरा पत्ता असू शकतो. एक बंद करून दुसरा उघडा ठेवल्यास संरक्षण व्यर्थ ठरते. कर्नल चालू असताना स्वतःच्या काही आज्ञा बदलतो, म्हणून लिहिण्याची एक नियंत्रित वाट ठेवावीच लागते. शिवाय अधिकार नोंदविणारे पेज टेबल लिहिण्यायोग्य असेल, तर तेच बदलून सारे बंधन सोडविता येते.

निष्कर्ष : ‘केवळ-वाचनीय’ हा स्मृतीचा गुणधर्म नसून प्रोसेसर व कर्नल यांनी मिळून पाळावयाचा करार आहे. सिंधुदुर्गनगरीपासून मालवणपर्यंतच्या विद्यार्थ्यांसमोर सामान्यतः एक्स-८६ संगणक आणि हातात आर्मचा भ्रमणध्वनी असतो. सी-डॅकचा ‘वेगा’ प्रोसेसर तर रिस्क-फाइव्हवर आधारलेला आहे. तेव्हा एकाच रचनेवरून सिद्धान्त शिकविणे अपुरे ठरते. एक्स-८६ वरील लिनक्स सुरू होताना किती किलोबाइट माहिती केवळ-वाचनीय केली, याची नोंद करतो. ती नोंद वर्गात वाचून दाखविणे, ही या विषयाची बिनखर्चाची सुरुवात ठरेल.