अपूर्ण वस्तूची विक्री आणि खेळाडूंचा असंतोष : ‘अर्ली ॲक्सेस’ पद्धतीची एक समीक्षा

प्रास्ताविक

व्हिडिओ गेम हा विषय महाविद्यालयीन शिक्षकांच्या चर्चेत सहसा येत नाही. आलाच तर विद्यार्थ्यांचा वेळ कसा वाया जातो, एवढ्यापुरताच येतो. परंतु व्हिडिओ गेम ही आज जगभर खरेदी-विक्री होणारी सांस्कृतिक वस्तू आहे आणि आपल्या वर्गांतील अनेक विद्यार्थी तिचे ग्राहक आहेत. ग्राहक म्हणून त्यांची जी फसगत होते, किंवा झाली असे त्यांना वाटते, तिचा विचार वाणिज्य, विधी, साहित्यसमीक्षा आणि फिकह या सर्वच अंगांनी होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात ‘अर्ली ॲक्सेस’ या नावाने रूढ झालेल्या विक्रीपद्धतीची समीक्षा करण्याचा प्रयत्न केला असून, त्यासाठी ‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या खेळाचे दोन भाग मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहेत.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : खेळ अपूर्ण आहे म्हणून खेळाडू संतापत नाहीत. एकच वस्तू करारात ‘आज आहे तशी’ आणि जाहिरातीत ‘उद्या होईल तशी’ विकली जाते. या दुहेरी बोलीत त्यांच्या रोषाचे मूळ आहे.

पद्धतीचे स्वरूप

खेळ पूर्ण होण्यापूर्वीच तो विक्रीस ठेवायचा, आलेल्या पैशातून पुढील काम करायचे आणि खेळाडूंच्या सूचना घेत तो पुरा करायचा, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. ‘माइनक्राफ्ट’ या खेळाची विक्री २००९ मध्ये तो प्राथमिक अवस्थेत असतानाच सुरू झाली आणि पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली. वाल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ या विक्रीकेंद्राने मार्च २०१३ मध्ये अशा खेळांसाठी ‘अर्ली ॲक्सेस’ हा स्वतंत्र विभाग उघडला व ही पद्धत सर्वत्र रूढ झाली.

मराठी वाचकास प्रकाशनपूर्व सवलतीची योजना परिचित आहे. तीतही पैसे आधी आणि ग्रंथ नंतर असा क्रम असतो. मात्र ग्रंथाचा विषय, खंडांची संख्या व प्रकाशनाचा सुमार आधी जाहीर केलेला असतो आणि वाचकाच्या हाती येतो तो पूर्ण ग्रंथ. येथे अर्धवट प्रत लगेच हाती पडते आणि उरलेली प्रकरणे पुढे येत राहतात, किंवा येतच नाहीत.

स्टीमने ही शक्यता लपविलेली नाही. काही खेळ कधीच पूर्ण होणार नाहीत, म्हणून आजच्या स्थितीत खेळ आवडत असेल तरच तो घ्यावा, असा सल्ला ग्राहकांना दिलेला आहे. भविष्याबद्दल ठाम आश्वासने देऊ नयेत, असे विकासकांनाही बजावलेले आहे. कागदोपत्री व्यवहार स्वच्छ आहे. प्रश्न प्रत्यक्ष व्यवहाराचा आहे.

एकाच खेळाचे दोन अनुभव

‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या खेळात अग्निबाण बांधून तो अंतराळात पाठवायचा असतो. कक्षा, वेग, इंधन आणि वजन यांची गणिते चुकली की यान कोसळते. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना या खेळाचे आकर्षण वाटले यात नवल नाही. वर्गात वापरण्यासाठी ‘केर्बलएडू’ ही त्याची शैक्षणिक आवृत्तीही निघाली होती.

फेलिपे फालांघे यांनी मेक्सिकोतील स्क्वॉड या कंपनीत असताना हा खेळ तयार केला. स्क्वॉड ही मुळात जाहिरात क्षेत्रातील कंपनी होती. जून २०११ मधील पहिली सार्वजनिक आवृत्ती अगदी तुटपुंजी आणि मोफत होती. तीत जाण्यासाठी चंद्रदेखील नव्हता. चंद्र नंतर आला, इतर ग्रह २०१२ मध्ये आले, शास्त्रीय प्रयोगांचा भाग २०१३ मध्ये आला. काम वाढले तशी किंमतही वाढविण्यात आली. एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. अपूर्णता चार वर्षे टिकली, पण खेळाडूंनी ती आनंदाने सोसली. कारण दिलेल्या पैशाचा मोबदला त्या त्या दिवशी त्यांच्या हातात होता आणि पुढचे सारे अधिकचे होते.

२०१७ मध्ये टेक-टू या अमेरिकी कंपनीने खेळाचे हक्क विकत घेतले. दुसऱ्या भागाची घोषणा ऑगस्ट २०१९ मध्ये झाली व तो २०२० मध्ये येईल असे सांगण्यात आले. पुढे मूळ स्टुडिओकडून काम काढून घेण्यात आले, इंटरसेप्ट गेम्स हा नवा स्टुडिओ उभारण्यात आला आणि तारीख अनेकदा पुढे ढकलली गेली. शेवटी २४ फेब्रुवारी २०२३ रोजी खेळ ‘अर्ली ॲक्सेस’मध्ये आला. किंमत सुमारे ५० डॉलर होती. सुरळीत खेळण्यासाठी शिफारस केलेले ग्राफिक्स कार्ड सामान्य खेळाडूच्या आवाक्याबाहेरचे होते. पहिल्या भागात असलेले शास्त्रीय प्रयोग तर नव्हतेच. वातावरणात परतताना यान तापण्यासारखी मूलभूत गोष्टही नव्हती.

खेळाडूंना धीर धरायला लावणारी एक गोष्ट मात्र होती, ती म्हणजे आगामी कामाचा आराखडा. प्रयोग, परग्रहांवरील वसाहती, ताऱ्यांदरम्यानचा प्रवास, खनिजसंपत्तीचा शोध आणि अनेकांनी एकत्र खेळण्याची सोय अशी त्याची चढती भाजणी होती. त्यांपैकी केवळ पहिली पायरी डिसेंबर २०२३ मध्ये गाठली गेली. २०२४ च्या वसंत ऋतूत सिॲटल येथील ७० नोकऱ्या जाणार असल्याची नोंद वॉशिंग्टन राज्य सरकारकडे झाली. त्यानंतर टेक-टूचे प्रमुख स्ट्रॉस झेल्निक यांनी मुलाखतीत स्टुडिओ बंद केल्याचा इन्कार केला. जूनअखेर स्टुडिओचे काम थांबले. वसाहती आल्या नाहीत, तारेही आले नाहीत. खेळाची विक्री मात्र त्यानंतरही चालू राहिली.

दोन्ही भाग अपूर्ण अवस्थेत विकले गेले होते. पहिल्या भागात किंमत कामाच्या मागून चालली, दुसऱ्या भागात ती कामाच्या पुढे धावली. हा फरक मूलभूत आहे.

इतर उदाहरणे

डबल फाइन या नामांकित स्टुडिओचा ‘स्पेसबेस डीएफ-९’ हा खेळ ऑक्टोबर २०१३ मध्ये याच पद्धतीने विक्रीस आला. विक्रीतून खर्च भागत नाही असे सांगून वर्षभरातच काम आटोपते घेण्यात आले आणि आहे त्याच खेळाला पूर्ण आवृत्ती म्हणण्यात आले. विक्री मंदावली की काम थांबते, हा या पद्धतीचा अंगभूत दोष त्यातून उघड झाला. पुढे येणाऱ्या ग्राहकांच्या पैशावर आधीच्या ग्राहकांना दिलेले वचन अवलंबून असते.

उलट, ‘हेडीस’ हा खेळ डिसेंबर २०१८ ते सप्टेंबर २०२० या काळात खेळाडूंसमोरच घडत गेला आणि नावाजला गेला. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० पासून पूर्ण किमतीला विकला जात होता. पण आज फक्त पहिला अंक मिळेल असे स्पष्ट सांगितलेले होते आणि ऑगस्ट २०२३ मध्ये उरलेले अंक खरोखरच आले. म्हणजे किंमत हा एकच निकष पुरेसा नाही. काय हाती आहे आणि काय यायचे आहे, यांतील रेषा किती स्पष्ट आखली आणि किती पाळली, हेही पाहावे लागते.

फिकहच्या कसोटीवर

अस्तित्वात नसलेल्या वस्तूच्या विक्रीचा प्रश्न आपल्या फकीहांना नवा नव्हता. जवळ नसलेली वस्तू विकू नये, हा सर्वसाधारण नियम. त्याला गरजेपोटी दिलेला अपवाद म्हणजे बै-सलम. मदीनेत खजुराच्या पुढील हंगामांचे पैसे आगाऊ देण्याची चाल होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती बंद केली नाही, माप, वजन आणि मुदत निश्चित असावी, अशी अट घातली. पूर्ण किंमत आधी घेण्याची सवलत विक्रेत्याला मिळाली, त्याचा मोबदला म्हणून ग्राहकाला निश्चिती मिळाली. कारागिराकडून वस्तू बनवून घेण्याच्या इस्तिस्ना या करारास हनफी फकीहांनी मान्यता दिली. त्यात सर्व पैसे आधी देण्याचे बंधन नाही, पण वस्तूचे वर्णन स्पष्ट असलेच पाहिजे.

‘अर्ली ॲक्सेस’मध्ये सलमप्रमाणे संपूर्ण किंमत आधी घेतली जाते, वर्णन आणि मुदत मात्र दोन्ही मोकळी राहतात. हाच ‘गरर’, म्हणजे व्यवहारातील घातक अनिश्चितता.

विक्रेता यावर म्हणेल की हा सलम नव्हेच. आज आहे ती वस्तू आम्ही रोखीने विकतो आणि ती अपूर्ण असल्याचे आधीच सांगतो. हा युक्तिवाद पोकळ नाही. वस्तूत दोष आढळल्यास ती परत करण्याचा ग्राहकाचा हक्क, म्हणजे खियार-ए-ऐब, विक्रेत्याने तो दोष आधी दाखविला व ग्राहकाने तो पत्करला तर उरत नाही. परंतु ‘सर्व दोषांसह घ्या’ अशी सरसकट सुटका विक्रेत्याला कितपत मिळते, याबाबत फकीहांत मतभेद आहेत. शिवाय खेळ अडखळणे हा दाखविलेला दोष झाला. तो अर्ध्यावर सोडून देणे हा वस्तूचा दोष नव्हे, ते वचनापासून मागे फिरणे होय. विक्रीच्या पानावर भविष्याचा आराखडा मांडून ग्राहकाला खरेदीस प्रवृत्त करायचे आणि नंतर आम्ही फक्त वर्तमान विकले असे म्हणायचे, हे एकाच तोंडाने करता येत नाही.

स्टीमच्या नियमानुसार खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मिळतात. ही सोय चांगली आहे. परंतु सोडून दिल्याचा दोष दोन तासांत दिसत नाही, तो दोन वर्षांनी दिसतो. हे विवेचन म्हणजे फतवा नव्हे. जुन्या करारशास्त्राने विचारलेले प्रश्न नव्या बाजारालाही लागू पडतात, एवढेच येथे दाखवायचे आहे. भारतीय ग्राहकाच्या बाबतीत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्याही या संदर्भात अभ्यासण्यासारखी आहे.

रोषाची दिशा

खेळाडूंचा रोष न्याय्य असला तरी त्याची दिशा नेहमी न्याय्य असतेच असे नाही. तारीख व किंमत ठरविणारे निर्णय वरच्या पातळीवर होतात. शिव्याशाप मात्र ज्यांची नावे खेळाडूंना ठाऊक असतात त्या विकासकांच्या वाट्याला येतात. दुसऱ्या भागाच्या प्रकरणात ज्यांनी खेळ घडविला त्यांचीच उपजीविका गेली. ग्राहकाचे ५० डॉलर गेले, हे खरे; कारागिराची नोकरी गेली, हेही तितकेच खरे. आपला विद्यार्थी यातील एका बाजूस आज उभा आहे आणि संगणकशास्त्र शिकून उद्या दुसऱ्या बाजूस उभा राहणार आहे, हे शिक्षकाने विसरू नये.

निष्कर्ष

१) अपूर्ण कृती विकणे हे स्वतःमध्ये गैर नाही. ‘केर्बल’चा पहिला भाग व ‘हेडीस’ याची साक्ष देतात.

२) किंमत वर्तमानाची असावी. ती भविष्याची घेतली असेल तर वर्णन व मुदत यांचे बंधन विक्रेत्याने स्वीकारावे.

३) काम थांबल्यास ते ग्राहकाला स्पष्ट सांगितले जावे. दीर्घकाळ सुधारणा न झालेल्या अशा खेळांवर स्टीमने २०२५ पासून तशी सूचना दाखविण्यास सुरुवात केली. हे योग्य पाऊल आहे, पण ते बारा वर्षांनी पडले.

४) वाणिज्य व विधीच्या वर्गात करार शिकविताना हे उदाहरण घेतल्यास विद्यार्थी ते चटकन ओळखतील. सलमच्या अटी पाठ करणारा विद्यार्थी आणि रात्री अर्धवट खेळ विकत घेणारा विद्यार्थी पुष्कळदा एकच असतो. त्याच्या मनात या दोन गोष्टींची भेट घडवून आणणे हे शिक्षकाचे काम आहे.