स्थायिभाव आणि सहजप्रवृत्ति

डॉ. के. ना. वाटवे यांचा ‘रसविमर्श’ १९४२ सालीं प्रसिद्ध झाला. भरताच्या रसविचाराला अर्वाचीन मानसशास्त्राची कसोटी लावून पाहणाऱ्या मराठी ग्रंथांत त्याचें स्थान मानाचें आहे. एका बाजूस रति, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय हे आठ स्थायिभाव. दुसऱ्या बाजूस मॅक्डुगलच्या सहजप्रवृत्ति आणि शँडच्या स्थिरवृत्ति. अशी ही तुलना आहे.

प्रस्तुत लेखकानेंहि कित्येक वर्षें वर्गांत फळ्यावर तिचा कोठा आखला आहे. भयासमोर पलायन, क्रोधासमोर युयुत्सा, विस्मयासमोर जिज्ञासा. कोठा सुबक दिसे आणि विद्यार्थी तो परीक्षेंत बिनचूक उतरवून देत. एके दिवशीं एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, मॅक्डुगल चुकला असेल, तर भरतहि चुकला का?” त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं. तें देणें फेडण्यासाठीं हा लेख आहे.

मॅक्डुगलचा ग्रंथ १९०८ सालचा. त्याच्या मतें माणसाच्या सर्व कृतींच्या मुळाशीं जन्मजात प्रवृत्ति असतात आणि प्रत्येक प्रमुख प्रवृत्तीला तिची अशी एक भावना जोडलेली असते. मत मोहक खरें. पण एखाद्या वर्तनामागें एक प्रवृत्ति कल्पिली कीं त्याचा उलगडा झाला, असें मानण्याची सोपी वाट त्यानें मोकळी झाली. १९२४ सालीं बर्नार्डनें निरनिराळ्या लेखकांनीं सांगितलेल्या सहजप्रवृत्तींची मोजदाद केली, तेव्हां ती हजारोंच्या घरांत गेली! म्हणजे ‘रसविमर्श’ निघण्यापूर्वींच हा पाया हादरलेला होता. तुलनेवरील पहिला आक्षेप हाच.

दुसरा आक्षेप असा कीं, कोठा नीट जुळतहि नाहीं. मॅक्डुगलच्या लेखीं शोक ही मूळ भावना नव्हे, ती साधित भावना होय. हास्याला त्यानें प्रवृत्तींत स्थान दिलें तें मागाहून. उत्साहाला तर जोडीदार शोधतां शोधतां पुरेवाट होते. उलट, भरताचे तेहतीस व्यभिचारी भाव पाहावे. त्यांत शंका, चिंता, हर्ष आहेत. तसेच निद्रा, व्याधि आणि मरणहि आहेत. मरण ही भावना कोणत्या मानसशास्त्रांत सांपडणार? पण हा भरताचा दोष नव्हे. ही यादी मनाचें पृथक्करण करणाऱ्याची नसून नटाला शिकविणाऱ्याची आहे. रंगभूमीवर जें दाखवावें लागतें, तें तींत आलें आहे.

येथें डोळ्यांनीं पाहिलेला एक प्रसंग सांगतों. तारापूरच्या अणुवीजकेंद्राजवळ घिवली हें समुद्रकांठचें गांव आहे. नारळी पौर्णिमेनंतरच्या एका संध्याकाळीं मी तेथील किनाऱ्यावर होतों. वारा वाढला होता आणि एक होडी यावयाची राहिली होती. त्या होडीवरील एकाची बायको मोबाईल कानाला लावून वाळूंत उभी होती. पलीकडून उत्तर येत नव्हतें. भीति तिच्या चेहऱ्यावर उमटली होती. पण पलायन कोठें होतें? ती जागची हललीहि नाहीं. मध्येंच ती शेजारणीवर उगीच चिडली. होडी दिसली तेव्हां तिला रडूं कोसळलें, आणि नवरा पाण्यांत उतरतांच तिनें त्याला शिव्या मोजल्या.

माझ्या फळ्यावरील कोठ्यांत ही बाई बसत नाहीं. शँडच्या विचारांत मात्र ती बसते. १९१४ सालच्या आपल्या ग्रंथांत तो प्रेमाला एक सुटी भावना मानीत नाहीं. प्रेम म्हणजे अनेक भावनांची जुळणी. प्रिय व्यक्ति संकटांत असतां भय, ती दुरावली असतां शोक, तिला कोणी दुखविलें असतां क्रोध, ती परत आली असतां हर्ष. स्थायी एक आणि संचारी अनेक, या भरताच्या व्यवस्थेशीं याचें नातें उघड आहे. स्थिरवृत्तीची कल्पना रसचर्चेंत आणली, हें वाटवे यांच्या परिश्रमाचें टिकाऊ फळ मी समजतों.

अश्रूंचें उदाहरण आणखी बोलकें आहे. आपण थरथरतों म्हणून आपल्याला भय वाटतें, असें जेम्सनें १८८४ सालीं मांडलें. १९२७ सालीं कॅननचा आक्षेप आला कीं, अगदीं भिन्न भावनांतहि शरीराच्या आंतील फेरफार सारखेच असतात. मग भावनांतील भेद त्यांवरून कसा ठरणार? सात्त्विक भावांचें वर्णन करतांना भरतानें अश्रूंचीं कारणें दिलीं आहेत, त्यांत आनंद आहे, शोक आहे आणि धूरहि आहे! कोणते अश्रु कशाचे, हें प्रसंगावरून कळतें. म्हणूनच रससूत्रांत विभावाला अग्रस्थान आहे. पण यावरून ‘आमच्या पूर्वजांना सारें ठाऊक होतें’ अशी बढाई मारूं नये. भरतानें प्रयोगशाळा उघडली नव्हती. त्यानें माणसें नीट न्याहाळलीं होतीं, इतकेंच.

शेवटीं मूळ प्रश्न. माणूस कशानें प्रवृत्त होतो, हा मानसशास्त्राचा शोध. त्यांतील मतें बदलतील, बदललींच पाहिजेत. दुसऱ्याचा शोक आपल्याला आस्वाद्य कसा होतो, हा रसविचाराचा शोध. घिवलीच्या वाळूंत त्या बाईच्या भयाचा आस्वाद मीं घेतला असता, तर तें निर्दयपणाचें झालें असतें. तेंच भय रंगभूमीवर पाहून मी तृप्त होऊन घरीं परततों. हा फरक कोणत्याहि प्रवृत्तींच्या यादीनें उलगडत नाहीं.

म्हणून त्या विद्यार्थिनीला आज मी सांगेन: मॅक्डुगल चुकला म्हणून भरत चुकत नाहीं, आणि मॅक्डुगल बरोबर ठरता, तरी तेवढ्यानें भरत सिद्ध झाला नसता. शेजाऱ्याच्या दिव्यानें आपलें घर अवश्य पाहावें. पण घर आपलें आहे याचा दाखला त्याच्याकडे मागूं नये. ‘रसविमर्श’ आजहि वाचावा तो त्यांतील प्रश्नांसाठीं. माझ्या फळ्यावरचा कोठा मात्र मीं पुसला आहे.