अस्थिसुषिरतेचे प्रायोगिक प्रतिरूप : एक चिकित्सा

रजोनिवृत्तीनंतरच्या अस्थिसुषिरतेच्या अभ्यासात सर्वाधिक उपयोगात येणारा प्राणी म्हणजे पांढरा उंदीर होय. मादीचे अंडाशय काढले असता काही आठवड्यांतच तिच्या नडगीच्या वरच्या टोकातील जाळीदार अस्थी विरळ होते; इस्ट्रोजेन दिल्यास ही हानी रोखली जाते. भारतात कांडवेलीच्या अर्काची परीक्षाही याच पद्धतीने झालेली आहे. प्रयोग सुलभ आहे, हे मान्य. परंतु सातारा-सांगलीकडील स्त्रीविषयी त्यातून कितपत अनुमान करता येईल, याचा विचार व्हावयास हवा.

पहिला आक्षेप वयाचा. पुष्कळ प्रयोगांत तीन महिन्यांची मादी घेतली जाते. तिच्या अस्थींची वाढ तेव्हा चालूच असते. साहजिकच, दिसून येणारा फरक अस्थिक्षय थांबल्याचा की वाढीत बदल झाल्याचा, हे ठरविणे कठीण होते. दुसरा आक्षेप रचनेचा. मानवी घन अस्थीत सतत चालणारी हॅवर्सीय पुनर्रचना उंदरात जवळजवळ आढळत नाही. खुब्याच्या अस्थिभंगात तर घन अस्थीचा वाटा मोठा असतो.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. स्त्रीची रजोनिवृत्ती काही वर्षांच्या संक्रमणातून घडते. उंदरात ती एका दिवसात घडविली जाते. तेव्हा हे प्रतिरूप वस्तुतः शस्त्रक्रियाजन्य रजोनिवृत्तीचे आहे. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या १३,००० हून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये शासकीय समितीच्या पाहणीत आढळले. कृष्णाकाठच्या कारखान्यांकडेही बीडची ऊसतोडणी मजूर कुटुंबे हंगामात येतात. ज्या स्त्रीचे गर्भाशयासह अंडाशयही काढले गेले, तिची अवस्था या प्रतिरूपाला सर्वांत जवळची होय. तथापि पिंजऱ्यातील उंदराला चुन्याने समृद्ध असा संतुलित आहार मिळतो, आणि त्याला डोक्यावर मोळी वाहावी लागत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत उंदराच्या जोडीला एका मोठ्या प्राण्याची अपेक्षा केली होती. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी व शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय ही आपल्याजवळची साधने आहेत. प्रौढ मेंढीत हॅवर्सीय पुनर्रचना आढळते. मात्र केवळ अंडाशय काढल्याने तिचा अस्थिक्षय अल्प होतो, आणि रवंथ करणाऱ्या या प्राण्याच्या जठरात तोंडावाटे दिलेल्या औषधाचे स्वरूप शोषणापूर्वीच पालटू शकते.

सारांश, उंदीर त्याज्य नाही. त्याच्यावरून काढलेले व्यापक निष्कर्ष त्याज्य आहेत. मादी निदान सहा महिन्यांची असावी, अल्प चुन्याच्या आहारावरील एक स्वतंत्र गट असावा, आणि अस्थिघनतेबरोबर मणका व मांडीचे हाड यांचे बळही मोजले जावे. एवढे झाल्यावरही प्रबंधाच्या शीर्षकात ‘रजोनिवृत्तीनंतरची’ याऐवजी ‘अंडाशय काढल्यानंतरची’ अस्थिसुषिरता असे लिहिणेच अभ्यासकाने उचित मानावे.