बाण आणि बोल : खुल्या जगाच्या खेळांतील वाटेची भाषा

खुल्या जगाच्या संगणकीय खेळांविषयी जे विवेचन होते, त्यात संचार आणि कथानक यांचे द्वंद्व बहुधा गृहीत धरलेले असते. खेळाडू हवा तिकडे जाऊ लागला की कथानक विसविशीत होते आणि कथानक घट्ट केले की संचार नावापुरता उरतो, असा हा युक्तिवाद. एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात वाचकाच्या श्रमाशिवाय सिद्धच न होणाऱ्या संहितांची जी मीमांसा केली, तिच्यामुळे या प्रश्नाला सैद्धान्तिक बैठक मिळाली, हे खरे. तथापि साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळचा असा एक प्रश्न त्यात मागेच राहिला. खेळातील कामगिरी भाषेतून सोपवली जाते. कुणी तरी काही तरी सांगते. ते सांगणे समजून घेण्याची खेळाडूला गरज उरते काय?

‘मॉरोविंड’ (२००२) या खेळात ती होती. तेथील पात्रे वाट शब्दांत सांगतात : अमुक गावाबाहेर पडा, पूल ओलांडा, खडक दिसला की उत्तरेला वळा. हे बोल खेळाडूच्या रोजनिशीत नोंदले जातात. पुढे तो आणि भूमी. काही सूचना चक्क चुकीच्याही आहेत. त्याच मालिकेतील ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) मध्ये होकायंत्रावर बाण आला. संवाद बहुतांशी लिखित होते ते आता संपूर्ण ध्वनिमुद्रित झाले आणि आखूडही झाले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडाव्यात हा योगायोग नसावा. मुद्रित आवाजात लांबलचक वाट सांगणे खर्चाचे, आणि बाण फुकट. परिणाम मात्र दूरगामी झाला. आता पात्र काय बोलले हे न ऐकताही कामगिरी पूर्ण करता येते. भाषा उरली, पण तिच्यावाचून काही अडेनासे झाले.

या संदर्भात महानुभावांच्या ‘स्थानपोथी’ची आठवण व्हावी, हे मराठीच्या अध्यापकाला तरी अस्वाभाविक वाटणार नाही. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, त्या स्थानांची ही गाववार नोंद. देऊळ कोणत्या दिशेला, दार कुणीकडे, आसन त्याच्या कोणत्या अंगाला, एवढेच ती सांगते. वाङ्मय म्हणून हा ग्रंथ रुक्ष ठरवला जातो. परंतु तो घेऊन निघालेल्या भाविकाच्या बाजूने वाचला असता त्याचे स्वरूप पालटते. प्रत्येक दिशावाचक शब्द डोळ्यांसमोरच्या जागेशी ताडून पाहावा लागतो. उभे कोठे राहायचे हे ठरल्याशिवाय ‘उत्तरेस’ याला अर्थच नाही. येथे वाचन आणि चालणे ही एकच क्रिया होते. वाईत मेणवलीची वाट विचारली तर जुना माणूस आजही नदी, घाट, वळण अशाच खुणा देतो, आणि त्या ओघात नाना फडणिसांचा वाडा व वसईहून आलेली घंटा यांविषयी दोन गोष्टी न विचारता सांगतो. बाणाला असे विषयांतर करता येत नाही.

बाण काढून टाकला की प्रश्न सुटतो, असे मात्र नव्हे. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) मध्ये मनोऱ्यावर चढल्यास प्रदेशाचा नकाशा उघडतो, पण मंदिरांच्या खुणा त्यावर नसतात; दुर्बिणीतून पाहून त्या खेळाडूनेच करायच्या. येथे श्रम परत आले, पण ते मुख्यतः डोळ्याचे. अपवाद कास या अकॉर्डियन वाजवणाऱ्या पक्षिरूप गायकाचा : त्याच्या पद्यमय कोड्याचा अर्थ लावल्यावाचून लपलेले मंदिर वर येत नाही. एवढ्या अफाट जगातले हे मोजके प्रसंग मला सर्वाधिक मोलाचे वाटतात. उलट ‘द विचर ३’ (२०१५) या पोलिश खेळात संवाद कादंबरीच्या तोडीचे आहेत. पत्नी आणि मुलगी निघून गेलेल्या सरदाराची कथा कोणत्याही गंभीर वाचकाला अस्वस्थ करील. टेकडीखाली कोंडलेल्या आत्म्याचे काय करायचे, या दूरच्या निर्णयावर त्या घराचा शेवट अवलंबून राहतो. पण त्या टेकडीकडे जाणारी वाट नकाशावर ठिपक्यांनी आखलेली असते आणि मागचे माग लाल रंगात उजळतात. बोल नाट्याला वाहिलेले, वाट बाणाला. दोघांची गाठ नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी’ने (२०२०) हा पेच टाळला. भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संभाषणातून निवेदली जाते, आणि वाट एकच असल्याने ती विचारावी लागत नाही. हा प्रामाणिक मार्ग आहे. मराठी मुलखात घडलेल्या खेळात वाट सांगणारा माणूस असावा, ही माझी अपेक्षा कदाचित माझ्या विषयाची असेल.

शेवटी ‘लीळाचरित्रा’तील एका गोष्टीची नोंद करणे भाग आहे. म्हाइंभटाने स्वामींच्या आठवणी शिष्यांना विचारून विचारून गोळा केल्या. आणि जेथे सांगणाऱ्यांत फरक पडला, तेथे ते पाठभेद ‘वासना’ म्हणून ग्रंथात राहिले. एकाच ठिकाणाची वाट दोन गावकरी वेगवेगळी सांगतात आणि खेळाडूला दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा ते ठरवावे लागते, असा खुल्या जगाचा खेळ माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही.