गार्डन डुप्लेक्स : एक रसग्रहण

मराठी समीक्षेने कथा, कादंबरी, नाटक, इतकंच काय, लावणीचीसुद्धा दखल घेतली. पण रोज सकाळी चहाबरोबर वाचल्या जाणाऱ्या एका वाङ्मयप्रकाराकडे तिने साफ पाठ फिरवली आहे. तो प्रकार म्हणजे घर विकण्याची जाहिरात. ही कविताच आहे, असं माझं प्रामाणिक मत. ओळी आखूड, क्रियापदं जवळजवळ नाहीत, आणि कवीला काय म्हणायचंय ते पहिल्या वाचनात कळत नाही. फरक इतकाच, की कविता कळली नाही तर नुकसान कवीचं होतं. इथे वाचकाचा प्रॉव्हिडंट फंड जातो.

अमरावतीकडे या काव्याचा नमुना साधारण असा असतो : 'ऐतिहासिक अंबागेट परिसरात, मंदिराजवळ, शांत वस्तीत, प्रशस्त गार्डन डुप्लेक्स विकणे आहे. क्लिअर टायटल. फक्त गरजूंनीच भेटावे.' अकोल्याच्या आवृत्तीत अंबागेट जाऊन 'असदगड किल्ल्याजवळ' येतं. बाकी वृत्त तेच.

आता एकेक शब्द घेऊ.

'डुप्लेक्स' म्हणजे खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या आणि मध्ये जिना. आमच्या वऱ्हाडात शेजाऱ्याची भिंतही बहुधा सामाईक असते. जुन्या वाड्यांना माडी होती, जिना होता, चुलतभावाशी सामाईक भिंत होती आणि त्या भिंतीवरून कोर्टात दावाही होता. म्हणजे आपल्या आज्या जन्मभर डुप्लेक्समध्ये राहिल्या, पण त्या बिचाऱ्यांना ते कोणी सांगितलं नाही.

'ऐतिहासिक' हे विशेषण मात्र खोटं नाही. अमरावतीच्या कापसाच्या श्रीमंत व्यापाऱ्यांना पेंढाऱ्यांचा उपद्रव होऊ लागला, तेव्हा निजामाच्या राजवटीत १८०७ साली इथे दगडी परकोट बांधायला सुरवात झाली. त्याला अंबागेट, जवाहर गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट असे दरवाजे ठेवले, शिवाय खिडक्या. त्यातल्या एकीचं नाव खुनारी खिडकी, आणि त्या नावामागे रक्तपाताची हकिगत आहे. 'खुनारी खिडकीजवळ टुमदार बंगला' अशी जाहिरात मात्र माझ्या वाचनात नाही. इतिहासातला कोणता भाग विकायचा, हे कवीला नीट कळतं.

'मंदिराजवळ'. संस्कृत साहित्यशास्त्रात लक्षणेचं एक नामांकित उदाहरण आहे : गंगेवर गवळीवाडा. आता प्रवाहावर वाडा कसा उभा राहील? तेव्हा गंगेवर म्हणजे गंगेच्या काठावर, असा अर्थ घ्यायचा. अंबादेवीच्या 'जवळ' म्हणजे किती जवळ, हे त्याच नियमाने ठरवावं. बरं, याच देवळातून श्रीकृष्णाने रुक्मिणीला नेलं अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. म्हणजे रुक्मिणी जिथून रथात बसून निघून गेली, तिथे आपण हप्ते भरून राहायला जायचं.

'शांत वस्तीत' इथे मात्र रसभंग होतो. शांत हा नववा रस खरा, पण अंबादेवीपाशी नवरात्राच्या नऊ रात्री तो शोधूनही सापडायचा नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात श्रावणातली कावड पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराकडे निघाली की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही. ज्याला जुनं गाव हवंय, त्याने ढोल-ताशासकट घ्यावं.

'गार्डन' हा या काव्याचा आत्मा. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मिरात बसून सांगून ठेवलं, की काव्याचा आत्मा ध्वनी. न सांगितलेलं तेच खरं. इथे न सांगितलेलं असं, की फाटक आणि पायरी यांच्यामधून स्कूटर गेल्यावर जी जागा उरते ती गार्डन. खालची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगा पडतात. पाया कच्चा असला तर भिंतीही तिचं अनुकरण करतात. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअर मारावं तर पाणी खारट. गुलाबाने काय पिऊन फुलावं?

आता 'क्लिअर टायटल'. दोन शब्दांत एवढं महाभारत व्यासांनाही जमलं नसतं. आम्ही बँकेत कर्जाच्या टेबलावर या कवितेचा गद्य भाग वाचतो : अखीव पत्रिका, तीस वर्षांचा सर्च, वारसांच्या सह्या. जागा नझूलची असली तर लीजची मुदत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला. तरी पुष्कळ क्लिअर टायटलांत सासरी गेलेली आत्या अध्याहृतच असते.

यावर सरकारी समीक्षकही आहे. २०१७ पासून महारेरा आलं, चटईक्षेत्र सांगणं बांधकामवाल्यावर बंधनकारक झालं, जाहिरातीत नोंदणी क्रमांक आला. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेला, किंवा आठापेक्षा जास्त घरं नसतील तर, ही नोंदणी लागत नाही. जुन्या वाड्याच्या जागेवर उठलेली दोन जुळी डुप्लेक्सं बरोबर या फटीतून निसटतात. तिथे समीक्षाही गिऱ्हाइकानेच करायची असते.

'फक्त गरजूंनीच' ही शेवटची ओळ उपरोधिक असावी. सगळ्यात गरजू तर विकणारा असतो.

एवढी मौज करून झाली, पण या काव्यातला एक दोष मला क्षम्य वाटत नाही. ज्या 'ऐतिहासिक परिसरा'च्या नावावर भाव वाढवला, त्या परिसराचा एक तुकडा पाडूनच हे घर उभं आहे. तिथे चौक होता, विहीर होती, मातीच्या जाड भिंती होत्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी माजघरात दुपारची झोप लागत असे. ते सगळं मलब्याच्या ट्रॉल्यांतून गेलं. उरलेला चौक म्हणजे गार्डन, उरलेली माडी म्हणजे डुप्लेक्स, आणि वाडा एका विशेषणात जमा. असे शंभर वाडे गेले की परिसर ऐतिहासिक कशामुळे, ते पुढच्या कवीला सांगता येणार नाही. वाडा पाडणाऱ्याला मी दोष देत नाही. माळवद गळतं, वारस पुण्याला, दुरुस्तीला पैसा नाही. पण गेलेल्याच्या नावावर निदान चौरस फुटाचा भाव तरी लावू नये.

तेव्हा जाहिरात जरूर वाचावी, आस्वाद घ्यावा. पण विसार देण्याआधी एकदा मे महिन्यात भर दुपारी दोन वाजता त्या घराच्या वरच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं नुसतं बसावं. ध्वन्यर्थ आपोआप कळतो. घामासकट.