शिवभारतांतील लखुजी जाधवरावांचा वध : एक परीक्षण

सिंदखेडचे देशमुख लखुजी जाधवराव हे शके १५५१ च्या श्रावण शुद्ध पौर्णिमेस, म्हणजे २५ जुलै १६२९ रोजीं, दौलताबादच्या किल्ल्यांत निजामशहाच्या दरबारीं मारले गेले. त्यांच्याबरोबर अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि यशवंतराव हा नातू, असे एका घरच्या तीन पिढ्यांचे चार पुरुष एकाच दिवशीं पडले. सिंदखेड आज बुलढाणा जिल्ह्यांत मोडतें. तथापि वाशीम, रिसोड, मेहकर या बाजूच्या मंडळींस तें परकें नाहीं, व लखुजींची समाधि आजही तेथें उभी आहे. या वधाची मीमांसा करतांना शिवभारताचा आधार वारंवार घेतला जातो. तो कितपत घ्यावा व कोठें घेऊं नये, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शिवभारत हें कवींद्र परमानंद नेवासकर यांनीं शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रचिलेलें संस्कृत काव्य होय. कै. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं तंजावरच्या प्रतीवरून तें १९२७ मध्यें प्रकाशांत आणिलें. उपलब्ध ग्रंथ अपुरा असून बत्तिसाव्या अध्यायाच्या नवव्या श्लोकावर थांबतो. कवि आश्रित आहे, म्हणून त्याचें कथन स्तुतिपर असणार, असा आक्षेप सहज घेतां येतो. परंतु प्रस्तुत प्रकरणीं कवीची स्थिति विलक्षण आहे. ज्याच्यासाठीं काव्य रचावयाचें, त्याचे भोंसले हें पितृकुल व जाधव हें मातृकुल. दोन्ही कुळांत रक्त सांडलें, आणि कवीला एकाचा गौरव करण्यासाठीं दुसऱ्यास काळें फासण्याची सोय नव्हती.

खंडागळ्यांच्या हत्तीचें प्रकरण या दृष्टीनें वाचावें. दरबार सुटला, खंडागळ्यांचा हत्ती बिथरला व लोकांस तुडवूं लागला. लखुजींचे पुत्र दत्ताजी त्यावर चालून गेले. हत्तीच्या रक्षणार्थ विठोजी भोंसल्यांचे पुत्र आडवे आले. त्यांपैकीं संभाजीच्या हातून दत्ताजी पडले. वाटेंतून परतलेल्या लखुजींनीं पुत्राच्या सुडार्थ संभाजीस ठार केलें, व चुलतभावाच्या साह्यास आलेल्या शहाजीराजांवर, म्हणजे आपल्या जामातावरच, शस्त्र चालवून त्यांस मूर्च्छित केलें. कवि येथें कोणासही वगळीत नाहीं, कोणाचाही घाव झांकीत नाहीं. यजमानाच्या मातामहानें यजमानाच्या पित्यास जखमी केल्याची गोष्ट आश्रित कवीनें हौसेनें रचिली असेल, हें संभवत नाहीं. जी गोष्ट सांगणें कवीस अडचणीचें, तिच्यावर विश्वास अधिक ठेवावा, हा परीक्षणाचा साधा नियम येथें लागू पडतो.

परंतु याच प्रसंगावरून पुढील लेखकांनीं जें अनुमान काढिलें, तें काव्यांत नाहीं. हत्तीच्या दंग्यापासून जाधव व भोंसले हे कायमचे वैरी झाले, आणि लखुजींचा वध शहाजीराजांस फारसा लागला नसावा, असें मानण्याचा प्रघात पडला आहे. कवि मात्र वधाचा दोष निजामशाही दरबाराकडे देतो, आणि श्वशुराच्या घातानें विटून शहाजीराजांनीं निजामशहाचा पक्ष सोडिला, असें सांगतो.

हें केवळ कवीचें सौजन्य आहे काय? याची कसोटी लावण्यास दुसरा साक्षीदार आहे, तो शाहजहानच्या दरबारचा अब्दुल हमीद लाहोरी. याला लखुजींविषयीं प्रेम असण्याचें कारण नव्हतें. मोगलांची मनसब घेऊन ते परत निजामशहाकडे गेले, म्हणून तो त्यांस बेइमान ठरवितो. तरीही शहाजी हा जाधवरावाचा जामात असल्यामुळें या वधानंतर निजामशहापासून फुटला व पुणें-चाकणकडे गेला, असें तोही लिहितो. एक मराठी राजाच्या पदरचा संस्कृत कवि, दुसरा मोगल बादशहाचा फारसी चरित्रकार. दोघांचे धनी परस्परांचे शत्रु, दोघांच्या भाषा भिन्न. अशा दोन साक्षी एका मुद्द्यावर जुळतात, तेव्हां आजन्म वैराची कल्पना टिकत नाहीं. एका क्षणीं शस्त्रें चालणें निराळें आणि नातें तुटणें निराळें.

काव्याच्या उणीवाही सांगितल्या पाहिजेत. त्यांत या प्रसंगांचे शक व तिथि नाहींत. आणि नांवें संस्कृत वेषांत येतात. लखुजी 'यादवराज' होतात, दत्ताजी 'दत्तवर्मा' होतात. छंदाची सोय होते, पण माणूस ओळखू येईनासा होतो. फारसी बाजूसही हा दोष निराळ्या रूपानें आहे. तेथील पाठ वाचणारांनीं मृतांत 'उजला' व 'बसवंत' अशीं नांवें दिलीं. हे कोणी अपरिचित पुरुष नव्हेत. फारसी लिपींत 'च' व 'ज' यांचा भेद नुकत्यांचाच. शब्दारंभींच्या 'य' व 'ब' यांचाही तसाच. नुकते गळाले कीं अचलाचा उजला व यशवंताचा बसवंत होतो. लेखकाच्या बोरूनें चार मृतांपैकीं दोघांचीं नांवें अशीं हिरावून घेतलीं.

हाच फारसी लेखक सांगतो कीं, वधाची वार्ता कळतांच लखुजींची पत्नी उरलेल्या मंडळीस घेऊन दौलताबादेहून सिंदखेडास निघून गेली. पति, दोन पुत्र व नातू एका दिवशीं गमावलेल्या त्या बाईनें घराणें बुडूं दिलें नाहीं. पुढें सातच महिन्यांनीं, जेधे शकावलीप्रमाणें फाल्गुन वद्य तृतीयेस, तिच्या कन्येच्या पोटीं शिवछत्रपति जन्मास आले.

वऱ्हाडांतील संग्राहकांस म्हणून विनंति इतकीच. जुन्या देशमुखी घराण्यांचीं दप्तरें, वंशावळी, कैफियती हातीं येतील, त्यांत एखादा पुरुष 'मारला गेला' असें जेथें आढळेल, तेथें नांव जसें लिहिलें असेल तसेंच उतरून घ्यावें. तें सुधारूं नये. वैराची कथा सांगितलेली असेल तर ती कोणाच्या घरीं, कोणत्या पिढींत लिहिली गेली, हें तिच्या शेजारीं नमूद करावें. मारणाराचें नांव इतिहास सहसा विसरत नाहीं. मेलेल्यांचीं नांवें मात्र एका नुकत्याच्या चुकीनें जातात.